युद्धानंतरचा विषाद

गीतेवर आपल्या देवळांतून वर्षानुवर्षे निरूपणे होतात. स्त्रीपर्व मात्र क्वचितच उघडले जाते. रणापूर्वीच्या विषादाची आपण एवढी चर्चा करतो आणि रणानंतरच्या विषादाकडे पाठ फिरवितो, हे मला उचित वाटत नाही.

युद्ध संपल्यावर धर्मराजाने विदुर, संजय, धौम्य प्रभृतींना आज्ञा केली की एकही देह अनाथासारखा पडून राहू नये. ज्यांचे कोणीच उरले नव्हते, त्या परदेशीच्या वीरांनाही तेलात भिजविलेल्या काष्ठांची चिता लाभली. पुढे गंगेवर तर्पणाच्या वेळी कुंतीने कर्णाचे जन्मरहस्य सांगितले आणि युधिष्ठिराचे मन पुरते खचले. राज्य टाकून वनात जावे, असे तो म्हणू लागला. परंतु त्याला एकटे कोणी सोडले नाही. अशौचाचा महिना पांडवांनी नगराबाहेर गंगातीरी काढला. तेथे नारद आले, व्यास आले, भाऊ रागावले, द्रौपदीने खडे बोल सुनावले, श्रीकृष्णाने समजाविले.

हा आधारच तुटला तर काय होते, ते श्रीलंकेच्या उत्तर भागात दिसते. तेथील तमिळ समाज बहुतांशी शिवाचा व कार्तिकस्वामींचा उपासक. १९८३ मध्ये पेटलेले युद्ध मे २००९ मध्ये संपले, तेव्हा सुमारे तीन लाख माणसे छावण्यांत होती. जाफन्यात दीर्घकाळ कार्य केलेले मनोविकारतज्ज्ञ दया सोमसुंदरम् यांनी लिहिले आहे की, तेथे व्यक्तींसमवेत कुटुंबे आणि गावेही घायाळ झाली, परस्परांवरील विश्वास आटला. म्हणून गावातील विधी व उत्सव पुन्हा सुरू होणे हाही ते उपचाराचा भाग मानतात.

सर्वांत कठीण दशा बेपत्ता झालेल्यांच्या मातांची. बारा वर्षे वार्ता न लागल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून दहन करावे, असे आपले शास्त्र सांगते. विधी सांगणे पुरोहिताला सोपे आहे. पण ज्या मातेने आपला मुलगा सैन्याच्या स्वाधीन होताना जिवंत पाहिला, ती हे कसे मान्य करील? किलिनोच्ची येथे फेब्रुवारी २०१७ पासून अशा माता एकत्र धरणे धरून बसू लागल्या. मुले कोठे आहेत, एवढेच त्या विचारतात.

आपले बेळगाव हे मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र. वीरमरण आलेल्या जवानाच्या घरी तेरा दिवस अंगण भरलेले असते. चौदाव्या दिवसापासून त्या घरी कोण जाते, याचा विचार मंडळाच्या येत्या सभेत व्हावा, अशी माझी विनंती आहे.