आहाराचे माप: आकडा, नियम आणि संयम

वजन कमी करण्यासाठी नियमित व्यायाम करणाऱ्या व्यक्तीने दिवसभरात किती कॅलरी खाव्यात, हा प्रश्न वरकरणी आहारशास्त्राचा आणि साध्या वजाबाकीचा वाटतो. परंतु खाण्याची मर्यादा बाहेरून आलेल्या आकड्याने ठरवावी की खाणाऱ्याच्या स्वतःच्या विवेकाने, हा त्यात दडलेला प्रश्न फार जुना असून भारतीय धर्मपरंपरांनी त्याचा विचार मिताहार, म्हणजे मापात खाणे, या नावाखाली बारकाईने केला आहे. या परंपरांनी मोजणी त्याज्य मानली नाही, मात्र मोजणीला तिची जागा आणि तिचा शेवट नेमून दिला. आजच्या कॅलरीच्या हिशेबात नेमक्या याच दोन गोष्टी हरवलेल्या दिसतात.

आहारशास्त्रातील एक कॅलरी म्हणजे एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे मापन केले आणि प्रथिने व पिष्टमय पदार्थ यांच्या प्रत्येक ग्रॅममागे 4, तर स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅममागे 9 कॅलरी हे आजही वापरात असलेले प्रमाण रूढ झाले. 1918 मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टर लेखिकेच्या लोकप्रिय पुस्तकाने कॅलरी मोजून जेवण्याची रीत घरोघरी नेली. आज लक्ष्य ठरवताना बहुधा 1990 मध्ये प्रसिद्ध झालेले मिफ्लिन–सेंट जिओर हे सूत्र वापरले जाते. त्यानुसार 35 वर्षांच्या, 158 सेंटिमीटर उंचीच्या आणि 70 किलो वजनाच्या स्त्रीचे शरीर पूर्ण विश्रांतीतही दिवसाला सुमारे 1,350 कॅलरी खर्च करते. हलक्या व्यायामासाठी या संख्येला 1.375 ने गुणले की 1,860 च्या आसपासचा एकूण खर्च मिळतो आणि त्यातून 400 वजा केले की दिवसाचे लक्ष्य 1,450 च्या जवळपास येते.

हा आकडा अंदाज असतो, पण वापरताना त्याला निर्णयाचे वजन येते. तासभर मध्यम गतीने चालण्यात या स्त्रीच्या सुमारे 240 कॅलरी खर्च होतात, त्यातील 70 तर ती नुसती बसून राहिली असती तरी खर्च झाल्याच असत्या, शिवाय 1.375 या गुणकात व्यायाम आधीच धरलेला असताना चालण्याच्या 240 कॅलरी ‘कमावल्या’ म्हणून पुन्हा जेवणात मिळवल्या, तर एकच चालणे दोनदा जमेस धरले जाते. एक पौंड चरबी म्हणजे 3,500 कॅलरी, हे मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी 1958 मध्ये मांडलेले गणितही दीर्घकाळ तसेच लागू पडत नाही, कारण वजन उतरते तसा शरीराचा खर्चही उतरतो. हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये टांझानियातील हाड्झा या शिकार करणाऱ्या व कंदमुळे गोळा करणाऱ्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसभर श्रम करणाऱ्या या लोकांचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचा आकार लक्षात घेतल्यास, पाश्चात्त्य शहरी माणसांपेक्षा फारसा वेगळा आढळला नाही. केलेल्या प्रत्येक श्रमाची पावती देणारी पेढी असे शरीराचे स्वरूप नाही, हे यातून स्पष्ट होते.

मोजून खाणे ही आधुनिकांची खोड आहे आणि धर्माची दृष्टी केवळ भावाची आहे, असा समज मात्र ग्रंथ पाहता टिकत नाही. आपस्तंब धर्मसूत्रात मुनीला आठ, वानप्रस्थाला सोळा आणि गृहस्थाला बत्तीस घास सांगितले असून, वाढत्या वयाच्या व अध्ययन करणाऱ्या ब्रह्मचाऱ्यावर घासांचे बंधन घातलेले नाही. म्हणजे आश्रम व वय यांनुसार माप बदलते, हे सूत्रकारांनी गृहीत धरले होते. जैन परंपरेत ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, हे सहा बाह्य तपांपैकी एक असून तेथे पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस व स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा धरून त्यात घट करत जायची असते. चांद्रायण व्रताच्या एका प्रकारात पौर्णिमेला पंधरा घासांपासून आरंभ करून कृष्णपक्षात रोज एक घास कमी करत अमावास्येला उपवास करायचा आणि शुक्लपक्षात रोज एकेक घास वाढवायचा असतो. दररोज बदलणारे, आधीच आखलेले असे आहारलक्ष्य आजच्या कोणत्याही तक्त्याइतकेच काटेकोर आहे, पण महिना संपला की ते व्रत समाप्त होते.

हे समजून घेण्यास यम आणि नियम यांतील भेद उपयोगी पडतो. अमरकोशानुसार जे कर्म नित्य असून केवळ स्वतःच्या शरीरावर अवलंबून असते तो यम, आणि जे कर्म अनित्य असून बाहेरच्या साधनाच्या आधाराने होते तो नियम. हठप्रदीपिकेत पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून खाणे अशी मिताहाराची व्याख्या केली असून यमांमध्ये त्याला प्रमुख स्थान दिले आहे. या भेदाच्या कसोटीवर पाहता कॅलरीचे लक्ष्य हा नियम ठरतो, कारण त्याला वजनकाटा, मोजमापाची वाटी, फोनमधील नोंद अशी बाहेरची साधने लागतात. मिताहार हा यम असल्याने तो पंगतीत, प्रवासात किंवा आजारपणातही सोबत असावा लागतो. नियमाने यमाकडे न्यावे, त्याची जागा घेऊ नये, हा या विभागणीतून निघणारा अर्थ आहे.

नियमाकडून यमाकडे जाण्याची वाट संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथातील कोसलराज प्रसेनजिताच्या कथेत स्पष्ट दिसते. द्रोणभर, म्हणजे धान्याच्या एका मोठ्या मापाएवढा, भात खाऊन धापा टाकत बुद्धाकडे आलेल्या या राजाला बुद्धाने उपाशी राहण्यास सांगितले नाही. खाण्याची मात्रा जाणणाऱ्या स्मृतिमान माणसाच्या वेदना हलक्या होतात आणि वार्धक्य सावकाश येते, अशा आशयाची एक गाथा त्याने सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि जेवणाच्या वेळी म्हणून दाखवण्यासाठी रोज शंभर कार्षापणांचे वेतन ठरवले. अट्ठकथेनुसार, म्हणजे या ग्रंथावरील पाली टीकेनुसार, ही गाथा जेवणाच्या आरंभी म्हणायची नव्हती, राजा शेवटचा घास घेऊ लागला की म्हणायची होती, आणि त्या वेळी बाजूला राहिलेल्या घासाच्या मानाने पुढच्या वेळचा तांदूळ कमी शिजवायचा होता. अशा क्रमाने राजा नाळीभर, म्हणजे द्रोणापेक्षा खूपच लहान मापाच्या, भातावर आला, त्याचे शरीर हलके झाले आणि बुद्धाने आपल्यावर इहलोक व परलोक या दोन्हींच्या दृष्टीने अनुकंपा केली, असे त्याला वाटले. या कथेत संख्या आहे, बाहेरचा स्मरण करून देणारा आहे, पगारही आहे; परंतु प्रत्येक वेळी घास बाजूला ठेवणारा हात राजाचाच आहे.

उलट दिशेचे उदाहरण अमेरिकेत घडले. 1944–45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण युद्धाला विवेकबुद्धीने नकार देणारे होते, त्यांपैकी अनेकजण शांततावादी ख्रिस्ती पंथांचे होते आणि युद्धग्रस्तांना उपयोगी पडावे म्हणून ते स्वेच्छेने पुढे आले होते. चोवीस आठवडे त्यांना गरजेच्या जवळपास निम्मा आहार दिला गेला व आठवड्याला 22 मैल, म्हणजे सुमारे 35 किलोमीटर, चालावे लागले. शरीरे तर खंगलीच, पण त्यांचे मनही अन्नाभोवती घोटाळू लागले, त्यांच्यापैकी काहीजण पाककृतींची पुस्तके वाचत बसले आणि एकेक घास लांबवत राहिले. निराहार राहणाऱ्याचे विषय दूर होतात पण विषयांविषयीचा रस मागे राहतो, या गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील विचाराचा हा जणू प्रयोगशाळेतील पडताळा आहे, आणि तो शुद्ध हेतूच्या माणसांवर आलेला असल्याने अधिक गंभीर आहे: अतिरेकी लक्ष्य चांगल्या संकल्पालाही अन्नाच्या ध्यासात ओढू शकते. याच गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला योग साधत नाही असे म्हटले असून, आहाराबरोबर विहार आणि कर्मातील प्रयत्नही युक्त, म्हणजे योग्य प्रमाणात, असावेत असे सांगितले आहे.

व्यायामाविषयी आयुर्वेदाची भूमिकाही अशीच आहे. वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले, तर चरकाने स्थौल्य घालवू इच्छिणाऱ्याने व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा आणि पचायला जड पण पोषण कमी करणारे अन्न घ्यावे असे सुचवले. आहाराची मात्रा मात्र प्रत्येकाच्या अग्निबलावर, म्हणजे पचनशक्तीवर, सोडली. यात व्यायाम हा खाल्लेल्याचे प्रायश्चित्त म्हणून येत नाही. आज जिलबीच्या दोन वेढ्यांसाठी चाळीस मिनिटे धावण्याची शिक्षा ठरवणारा माणूस पाप-पुण्याचा जमाखर्च मांडत असतो, आणि या जमाखर्चात एकादशी दुप्पट खाशी या म्हणीतील वृत्ती व्यायामाचे कपडे घालून परत येते.

यावर असा आक्षेप घेता येईल की आकड्याशिवाय माणूस स्वतःला फसवतो. आक्षेप बळकट आहे. न्यूयॉर्कमधील 1992 च्या एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या सहभागींनी आपले खाणे सरासरी 47 टक्क्यांनी कमी नोंदवले होते आणि शारीरिक हालचाल 51 टक्क्यांनी जास्त. अशा ठिकाणी मोजणी हे सत्याचे साधन ठरते, कारण तेलाचा चमचा आणि मूठभर फरसाण यांची नोंद जीभ ठेवत नाही. म्हणून मोजणी सोडण्यापेक्षा तिला व्रताची घडण देणे अधिक युक्त आहे. व्रताला संकल्प असतो, अवधी असतो, पारणे असते आणि उद्यापन असते. त्या धर्तीवर कॅलरीचे लक्ष्य बारा आठवड्यांसारख्या ठरावीक मुदतीसाठी घ्यावे, एका आकड्याऐवजी पट्ट्यात धरावे, व्यायामाच्या कॅलरी त्यात परत मिळवू नयेत, दर दोन-तीन आठवड्यांनी वजनाच्या कलावरून ते सुधारावे आणि मुदत संपल्यावर मोजणी थांबवून काय शिकलो ते पाहावे. गर्भवती स्त्रिया, मधुमेहाची औषधे घेणारे आणि खाण्याविषयीच्या विकाराचा पूर्वेतिहास असलेले यांनी असा संकल्प वैद्यकीय सल्ल्यावाचून करू नये, कारण कोणत्याही व्रतात अधिकारभेद, म्हणजे कोणी काय करावे याचा विचार, आधी येतो.

अशा मुदतीनंतर ज्याला वाटीकडे पाहून आपली पोळी-भाजी किती हे कळते, भूक आणि चटक वेगळ्या ओळखता येतात आणि लग्नाच्या पंगतीतून उठताना पश्चात्ताप किंवा धावण्याची शिक्षा आठवत नाही, त्याच्या बाबतीत आकड्याचे काम झाले असे मानावे. आणि मोजणी थांबताच ज्याचे खाणे सैल होते किंवा मन बेचैन होते, त्याचा नियम पाळला गेला असला तरी मिताहार अजून साधायचा राहिला आहे.