बावखलावरची सही

प्रिय बाळा,



तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. नाताळात वसईला येशील तेव्हा लेकराचा बाप्तिस्मा उरकायचा, तर काय काय तयारी लागेल, ही एक. आणि वाडीतलं बावखल बुजवून रस्त्याच्या बाजूला गाळे काढायचं काकांनी ठरवलंय, त्या कागदावर सही करावी का, ही दुसरी. तुझ्या लेखी हे दोन वेगळे विषय. माझ्या लेखी नाहीत, म्हणून फोन न करता लिहायला बसलो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. फादरांना महिनाभर आधी कळव, धर्मपिता आणि धर्ममाता नक्की करा, तुमच्या लग्नाचा दाखला सोबत ठेव. पांढरा झगा आणि मेणबत्ती तुझी आई बघेल. जेवणाचं तूच ठरव, त्यात मी पडत नाही.

आता बावखल. तू पुण्यात वाढलीस, म्हणून थोडं मुळापासून सांगतो. आपल्या वसईच्या पट्ट्यातून एकही नदी वाहत नाही. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. तिन्ही बाजूंनी खारं पाणी, आणि तरीही इथे केळी, पानवेल, भाजी आणि फुलं पिढ्यान्‌पिढ्या पिकली. ती पावसाच्या पाण्यावर. वाळूमिश्रित जमिनीत पाऊस मुरतो आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं. भूजलवाल्यांचा ढोबळ हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 फूट असली, तर खाली साधारण 40 फूट गोडं पाणी असतं. हा हिशेब उलटाही चालतो. उपसा करून वरची पातळी 1 फूट खाली आणलीस, तर खालचं खारं पाणी हळूहळू 40 फूट वर चढतं.

आपल्या पूर्वजांना हा हिशेब कुणी फळ्यावर लिहून दाखवला नव्हता. त्यांनी खोल विहिरीऐवजी पसरट, उथळ बावखल खणलं. त्यात वरवरचं गोडं पाणी अलगद झिरपतं, आणि पावसाळ्यात तेच बावखल आजूबाजूचं पाणी पोटात घेऊन जमिनीत मुरवतं. काठ उतरते असतात, म्हणून मे महिन्यात पाणी तळाला गेलं तरी माणूस चालत खाली जाऊन घागर भरू शकतो. तुझ्या बाबांच्या बावखलाच्या काठावर उंबर आहे, त्याची मुळं पाण्यात उतरलीत, आणि त्या मुळांच्या जाळीत मासे अंडी घालतात. तुझे बाबा तिथेच पोहायला शिकले, पाठीला सुके नारळ बांधून.

पाणी वर काढायला रहाट होता. मातीच्या गाडग्यांची माळ, ती फिरवायला बैल नाही तर रेडा. गाडगी वर येऊन पन्हाळीत रिती व्हायची आणि पाटाने पाणी वाफ्यावाफ्यात जायचं. रेडा दमला की रहाट थांबायचा, आणि तेवढ्यात बावखल पुन्हा भरून यायचं. पुढे डिझेलचं इंजिन आलं, मग विजेचा पंप. पंप दमत नाही. मुंबई वाढली, रेल्वेच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या आणि त्यांना पाणी हवं झालं. मग वाड्यांमधून टँकर भरायला लागले. भाजी विकण्यापेक्षा पाणी विकणं सोपं होतं, त्यात शेतकऱ्याला तरी किती दोष द्यायचा! पण किनाऱ्याकडच्या विहिरी एकामागून एक मचूळ झाल्या. पानवेल तर खाऱ्या पाण्याला आधी मान टाकते.

त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली त्यांनी टँकरवाल्यांशी आणि बिल्डरांशी उघड वैर घेतलं, आणि त्या लढ्यात ख्रिस्ती आणि हिंदू दोघंही होते. पाद्र्याने मिस्सा करावी, पाण्याच्या भानगडीत कशाला पडावं, असं म्हणणारे आपल्या लोकांत होतेच. तेच लोक 2020 साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा अभिमानाने फोटो काढून घेत होते. 25 जुलै 2024 ला फादर गेले. पाण्याबद्दल त्यांनी जे सांगितलं ते खोटं ठरलं असतं तर मला आनंदच झाला असता.

पाद्र्याचा पाण्याशी संबंध काय, हा प्रश्न मला तरी उलटा वाटतो. देवळाच्या दारात शिरताना आपण पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतो. मिस्सामध्ये द्राक्षारसात पाण्याचा थेंब पडतो. पवित्र गुरुवारी फादर पाय धुतात. ईस्टरच्या रात्री पाणी आशीर्वादित करताना जी प्रार्थना होते ती एकदा लक्ष देऊन ऐक. सृष्टीच्या आरंभीचं पाणी, नोहाचा जलप्रलय, तांबड्या समुद्रातून झालेली सुटका, यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा, क्रूसावर त्याच्या कुशीतून आलेलं रक्त आणि पाणी, सगळं त्यात ओळीने येतं. लग्नाच्या आदल्या दिवशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात आणि नवरानवरीला त्याने अंघोळ घालतात. विहीर उरली नाही तिथे आता बँड लावून नळाखाली कळशी धरतात. मला ते बघवत नाही.

पाणी आणि आपला धर्म यांची एक वेगळीही गोष्ट आहे. ती तू पुण्यात कुणाच्या तरी तोंडून ऐकली असशीलच. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यालेला अख्खा गाव बाटला, आणि म्हणून आपण ख्रिस्ती. शाळेत मला ही गोष्ट हसत हसत ऐकवायचे. पोर्तुगीजांना वसई 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली. ती चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतली. मधल्या दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन आणि जेज्वीट आले, हिंदूंची देवळं पाडली गेली, जबरदस्ती झाली, आमिषं दाखवली गेली, आणि मनापासून ख्रिस्ताकडे वळलेलीही माणसं होती. यातलं काही झाकायचं कारण नाही. पण पावाच्या गोष्टीने कुणी ख्रिस्ती होत नाही. आपल्या चर्चच्या लेखी पाणी प्यायल्याने बाप्तिस्मा होत नाही, तो डोक्यावर पाणी ओतून आणि त्रैक्याचं नाव घेऊन होतो. ती गोष्ट खरी असली तर त्या गावाला बाटवलं ते पावाने नाही, शिवाशिवीच्या नियमाने. एका घोटासाठी शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना दाराबाहेर ठेवलं. आणि 1739 नंतर पोर्तुगीज निघून गेले तरी इथले ख्रिस्ती आपल्या वाड्यांत, आपल्या बावखलांच्या काठी राहिलेच. गोऱ्या पाद्र्यांविना राहिले.

शिवाशिवीचं पाणी येशूलाही ठाऊक होतं. शोमरोनी बाई भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर आली तेव्हा तो तिथे तहानलेला बसला होता. त्याच्याजवळ पोहरा नव्हता. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्यातलं घेत नसे, आणि तरी त्याने तिच्याकडे पाणी मागितलं. जिवंत पाण्याचं बोलणं नंतरचं. आधी त्याने मागितलं, हे आपण प्रवचनात भरकन ओलांडून जातो. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, तो दिवस आठवला की मला ही विहीर आठवते. आणि आपल्या ख्रिस्ती घरांतही कुणाचा पेला वेगळा ठेवला जात नव्हता, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला भेटलेला नाही.

काकांचं म्हणणं मला माहीत आहे. आता सूर्येचं पाणी नळाने येतं, मग बावखल हवं कशाला? सूर्या नदीवरचं धामणीचं धरण मुळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं. डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या वाट्याचं पाणी शहरांकडे वळतं म्हणून तिकडे आंदोलनं झाली. म्हणजे आपण आपलं पाणी मातीखाली गाडायचं आणि दुसऱ्याच्या शेतातलं मागायचं. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ पत्रात पिण्याच्या शुद्ध पाण्याला माणसाचा मूलभूत हक्क म्हटलं, तो हक्क नळाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही आहे. शिवाय जुलै 2018 आठव. पाऊस पडला, पाण्याला जायला जागा नव्हती, विरार-वसईची लोकल बंद पडली आणि मिठागरातली कुटुंबं पाण्यात अडकली. बावखलं बुजवून वर काँक्रीट ओतलं तर पाऊस आपल्या घराशिवाय जाणार कुठे?

उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायात इसहाकाची गोष्ट आहे. त्याच्या बापाच्या विहिरी पलिष्ट्यांनी हेव्यापोटी मातीने बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने ठेवलेली नावंच पुन्हा ठेवली. मग नवीन खणल्या, त्यांच्यावरून गुराख्यांशी भांडण झालं, तो त्या सोडून पुढे गेला आणि पुन्हा एक खणली. एका विहिरीसाठी एवढा खटाटोप करणारा माणूस बायबलला लिहून ठेवावासा वाटला. आपल्याकडे बुजवायला बाहेरून पलिष्टी यावे लागत नाहीत, एवढाच फरक.

तुझ्या वाट्याला पैसे कमी येतील, हे खरं आहे, आणि ते मी हलकं धरत नाही. घराचे हप्ते आहेत, मूल लहान आहे. पण गाळ्यांसाठी रस्त्यालगतची तीन गुंठे कोरडी जमीन आहे, तिकडे बांधा. बावखल सोडा. गावातली काही तरुण पोरं बावखलांचा गाळ उपसतात, त्यांच्याशी मी बोलून ठेवलंय. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की आपलंही साफ करून घेऊ, उंबराच्या बाजूने प्लॅस्टिक फार साचलंय. खर्च तिघांत विभागला तर कुणालाच जड नाही.

सही करू नकोस. काकांना सांग, मामाने अडवलं. माझ्याशी भांडायला त्यांना माझ्या घरी यावं लागेल, आणि येऊ देत.

तुझा,
मामा