बाळंतिणीची अंधारी खोली

आमच्या जुन्या घरात बाळंतिणीची खोली ठरलेली होती. माजघराच्या मागची, एका खिडकीची, आणि त्या खिडकीच्या फटींतही चिंध्या कोंबलेल्या. वारा लागू द्यायचा नाही, उजेड येऊ द्यायचा नाही. बाहेरून आलेल्या माणसाला आत आधी काहीच दिसायचं नाही. बाळ कुठे आहे ते रडण्यावरून कळायचं. मृग नक्षत्रातला तेजोमेघ पाहताना मला दर वेळी ती खोली आठवते आणि दर वेळी वाटतं, त्या तेजोमेघाला ‘ताऱ्यांचं पाळणाघर’ म्हणताना आपलं काहीतरी चुकतंय.

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग चांगला वर आलेला असतो. पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे सापडले की त्यांच्यापासून राजन्य या ताऱ्याच्या बाजूला मंद ताऱ्यांची एक लहानशी ओळ लोंबताना दिसते. तिच्यातला मधला ठिपका म्हणजे नुसता तारा नव्हे. साध्या दुर्बिणीतून तो फुंकर लागलेल्या रांगोळीसारखा पसरट, राखाडी दिसतो. जरा मोठी दुर्बीण लावली की त्या राखाडीच्या मधोमध चार टिंबं सुटी होतात. हे ट्रॅपेझियम, आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. चौघांतलं सर्वांत ठळक टिंब म्हणजे थीटा-१ ओरायनिस सी. सगळ्या उजेडाचा खरा धनी तोच. वस्तुमान सूर्याच्या तिसाहून अधिक पट, पृष्ठभागाचं तापमान ४० हजार अंशांच्या आसपास, तेज सूर्याच्या सुमारे २ लाख पट.

तारा जन्मायला थंडी लागते. हायड्रोजनचा ढग केवल शून्याच्या वर दहा-वीस अंशांइतका गार झाला, तरच त्याचा दाब उतरतो आणि गुरुत्वाकर्षणाला त्याला आत ओढता येतं. गार राहायला अंधार हवा, आणि तो धुळीच्या जाड पडद्यामुळे मिळतो. आमच्या खोलीत शेगडी असायची. इथे तीही चालत नाही. अशा खोलीत एखादं मूल भलतंच दांडगं निपजलं, तर त्याचा अतिनील प्रकाश हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उपटून काढतो, गार वायू दहा हजार अंशांपर्यंत तापतो आणि फुगून वाट मिळेल तिकडे पळतो. थीटा-१ सी आपल्या ढगाच्या अगदी कडेला, आपल्याकडच्या अंगाला होता. त्यामुळे भिंत आपल्याच बाजूने फुटली. आपण ज्याला तेजोमेघ म्हणतो, तो या फुटलेल्या भिंतीचा खळगा. मागचा ढग एवढा मोठा आहे की त्यात लाखभर सूर्यांइतकं द्रव्य आहे. त्याच्या मानाने हा खळगा अगदीच लहान.

आणि वारासुद्धा आहे. या ताऱ्याच्या अंगावरून सेकंदाला अडीच हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने वारा सुटतो. २०१९मध्ये सोफिया या विमानात बसवलेल्या दुर्बिणीची निरीक्षणं प्रसिद्ध झाली. तापलेल्या कार्बनचा अवरक्त प्रकाश तिने टिपला होता. त्यातून दिसलं, की त्या वाऱ्याने ढगातला वायू बाजूला रेटून एक पोकळ बुडबुडा केला आहे आणि त्याचं कवच सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने फुगतं आहे. कवचात हजाराहून अधिक सूर्यांचं द्रव्य आहे. अतिनील प्रकाशाने किंवा पुढे कधीतरी होणाऱ्या सुपरनोव्हाने या ढगाची जेवढी मोडतोड होईल, त्याहून अधिक हा वाराच करतो, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण ताऱ्याचा प्रताप म्हटला की आपल्याला फक्त शेवटचा स्फोट आठवतो. इथे तर जन्मापासूनच घर मोडायला सुरुवात झालेली.

कार्बनचा हा प्रकाश हवेतल्या बाष्पामुळे जमिनीपर्यंत पोचत नाही, म्हणून त्यासाठी वर जावं लागतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शंभर सेंटिमीटरची दुर्बीणही जपानी उपकरण घेऊन हैदराबादहून बलूनने वर जाते आणि अशाच ढगांमधला कार्बन मोजते. आपल्याकडच्या या कामाबद्दल आपण फार कमी बोलतो.

त्या दांडग्या ताऱ्याच्या धाकट्या भावंडांचंही बरं चाललेलं नाही. हबलच्या छायाचित्रांत कितीतरी लहान ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या दिसतात. पुढे ज्यांचे ग्रह व्हायचे, त्या चकत्या. थीटा-१ सीजवळच्या चकत्यांना धूमकेतूसारख्या शेपट्या आहेत आणि त्या सगळ्या त्याच्यापासून उलट्या दिशेला वळलेल्या. चकतीवरचा वायू झडतो आहे.

मग जन्म होतात कुठे? १९६७मध्ये बेकलिन आणि न्यूगेबाउअर यांनी या तेजोमेघाच्या मागे, दृश्य प्रकाशात अजिबात न दिसणारा, पण अवरक्तात झळकणारा एक कोवळा तारा नोंदवला. तो धुळीत पुरता गुरफटलेला आहे. खोली ती. जे चमकतं आहे तिथलं बाळंतपण आटोपलं आहे.

पण एवढ्यावरून थीटा-१ सीसारख्या दांडग्या ताऱ्यांना घरबुडवे ठरवायला मी तयार नाही. आपल्या आकाशगंगेत साधारण अब्जभर सूर्यांइतका गार रेण्वीय वायू आहे. गुरुत्वाकर्षणाला मोकळं रान मिळालं असतं, तर वर्षाला शेकडो सूर्यांइतके तारे झाले असते आणि हा साठा काही दशलक्ष वर्षांतच संपला असता. प्रत्यक्षात वर्षाला जेमतेम दोन सूर्यांइतकं द्रव्य ताऱ्यांत जातं. चुंबकीय क्षेत्र आणि वायूतली खळबळ यांचाही त्यात वाटा आहे. पण ढगातला बराचसा वायू न वापरताच परत विखरून टाकण्याचं काम या मोजक्या अजस्र ताऱ्यांचं. तो परतलेला वायू पुन्हा गार होतो, पुन्हा ढग होतो. विश्वाला नऊ अब्ज वर्षं उलटून गेल्यावरही सूर्य घडवायला वायू शिल्लक होता, तो असा. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजनही बहुतेक अशाच ताऱ्यांच्या पोटातला.

काही ठिकाणी रेटलेला वायू दाबला जाऊन नवे तारे जन्मतात, असंही मानलं जातं. एखाद्या ढगात ते पटतंही. मात्र तारा कवचाजवळ सापडला म्हणजे तो कवचामुळेच जन्मला, हे सिद्ध होत नाही.

या थंडीत मृग पाहाल तेव्हा मुलांना तो राखाडी डाग जरूर दाखवा आणि सांगा, हा फुटलेल्या भिंतीतून येणारा उजेड आहे. बाळं याच्या मागे आहेत, अंधारात.