पश्चिमेची भिंत

आमच्या कोकणातल्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर कोणते आवरण चढवावे, यावरून शिमग्यापासून आम्हा भावंडांत वाद चालला होता. धाकट्याचे म्हणणे रंगीत पत्रा मारावा. बहिणीच्या मते फरशा बसवाव्यात. आणि मी, काहीसा अनुभवाने पोळलेला, चुन्याचा गिलावा म्हणत होतो. मौज अशी, की तिघेही आपापल्या बाजूने एकच शब्द पुढे करीत होतो : टिकाऊ. तो शब्द इतक्या वेळा कानांवर आला, की एके दिवशी मला त्याचा अर्थच कळेनासा झाला. टिकायचे ते नक्की काय? आवरण, की भिंत, की भिंतीआडचे घर? की आमची निश्चिंती?

या भिंतीची हकीकत थोडी सांगायला हवी. आमच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तोही सरळ पडेल तर शपथ! नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा करून समुद्राकडच्या भिंतीवर आपटतो. उरलेले आठ महिने खारा वारा आहेच. भिंत जांभ्याची. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, सहज तासता येतो आणि हवा लागली म्हणजे घट्ट होतो. विटेसारखा कापता येणारा हा दगड फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने मलबारात पाहिला आणि विटेच्या लॅटिन नावावरून त्याला लॅटेराइट म्हटले; ते नाव १८०७ साली त्याच्या प्रवासवर्णनातून प्रसिद्ध झाले. पण घट्ट झाला तरी जांभा सच्छिद्र तो सच्छिद्रच. पाणी पितो आणि ऊन पडले की सोडतो.

जुन्या माणसांनी त्याला दोन पांघरुणे दिली होती. एक चुन्याच्या गिलाव्याचे. दुसरे, पावसाळ्यापुरते, नारळाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांचे. मृग लागण्यापूर्वी झाप बांधायचे, दिवाळीच्या सुमारास सोडायचे आणि सुकवून बंबात घालायचे. दोन-चार वर्षांनी चुन्याचा हात फिरवायचा. मुंबईचा कोणी पाहुणा आला की त्या झापांची मला लाज वाटे, हे कबूल केले पाहिजे. घराने फाटके नेसले आहे असे वाटायचे.

म्हणून मिळवता झाल्यावर मी पैसे पाठवले आणि ती भिंत सिमेंटने लिंपून घेतली. वरून रंगाचे दोन जाड हात. “आता वीस वर्षे बघायला नको,” असे गवंडी म्हणाला. मला जे ऐकायचे होते तेच नेमके तो बोलला. चौथ्या पावसाळ्यात आत माजघराच्या भिंतीवर पांढरे पीठ दिसू लागले. आमच्याकडे त्याला लोणा म्हणतात. सिमेंटला केसासारखे तडे जातात आणि त्यांतून पाणी आत शिरते. पण सिमेंटचा नि रंगाचा थर दाट, त्यामुळे शिरलेले पाणी त्या वाटेने परत येऊ शकत नाही. ते आतल्या बाजूने वाट शोधते. पाणी उडून जाते, त्याच्याबरोबरचे मीठ दगडातच राहते. त्याचे स्फटिक वाढू लागले की दगड कणाकणाने सुटतो. यंदा गिलाव्याचा एक मोठा पोपडा पडला, तो मागे जांभ्याचा बोटभर थर घेऊनच. पोपडा मात्र शाबूत होता. वाजवला तर खणखणीत वाजत होता! टिकण्याचे वचन त्याने तंतोतंत पाळले होते. भिंत तेवढी गेली होती.

चुन्याचा स्वभाव उलटा. तो मऊ आहे. पाणी घेतो आणि सोडतो, मीठ आपल्या अंगावर घेतो आणि भुकटी होऊन गळतो. तो गळतो हाच लोकांचा त्याच्यावर आक्षेप. पण गळणे हेच तर त्याला नेमून दिलेले काम. लोखंडी पत्र्यावरचे जस्त तरी दुसरे काय करते? लोखंडाच्या आधी आपण झिजते. आपण मात्र झिजणाऱ्याला कमकुवत ठरवतो आणि त्याच्या जागी न झिजणारा आणून बसवतो. मग झीज मागच्याच्या वाट्याला जाते.

माझे एक सौंदर्यवादी स्नेही म्हणाले, “आवरण हवेच कशाला? जांभ्याचा तो सुंदर तांबडा रंग उघडा ठेवा. गिलावा म्हणजे एक प्रकारची लबाडीच.” हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण त्याचे एक मोठे उदाहरण आपल्या शेजारीच उभे आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझूसचे चर्च, जेथे संत फ्रान्सिस झेवियरचे शव ठेवलेले आहे, ते १६०५ साली पवित्र करण्यात आले. त्याच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने तो खरवडून काढवला. हेतू असा, की इमारत प्राचीन दिसावी. तेव्हापासून तो दगड पावसात उघडा आहे आणि झिजतो आहे. अलीकडच्या वर्षांत तेथील धर्मगुरूंनी आणि काही वास्तुतज्ज्ञांनी गिलावा पुन्हा चढवण्याची जाहीर मागणी केली, तेव्हा अनेकांना तेच विद्रूप वाटले. कारण त्यांच्या डोळ्यांना तांबडे चर्चच खरे! म्हणजे जी नग्नता सत्य म्हणून आपण पूजतो, ती एका माणसाने एका दशकात घडवलेली रंगभूषा निघाली. वास्तुकलेतल्या असत्यावर तुटून पडणाऱ्या रस्किननेही १८४९ च्या ग्रंथात सफेदीला त्या दोषातून मुक्त केले आहे; सफेदी आपण सफेदी आहोत यापलीकडे काहीच सांगत नाही. आणि विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था काढली, तिला लोक ‘खरवडीविरोधी’ याच अर्थाच्या टोपणनावाने ओळखत.

इथवरचा माझा युक्तिवाद मला फार आवडला होता. चैत्रात गावी जाऊन मी तो वहिनींना ऐकवला. दादा गेल्यापासून त्या घरात एकट्याच असतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि उजवा हात पुढे केला. मनगटाजवळ एक जुना, गुळगुळीत डाग होता.

“हा कळीच्या चुन्याचा, भाऊजी. विरवताना उडाला होता. चुना भिंतीसाठी झिजतो म्हणता, ते खरंच. पण त्याच्यासाठी दर खेपेला झिजतं कोण? तुम्ही सिमेंट केलंत त्यानंतर भिंत ओली राहिली. पण मला शिडीवर चढायला लागलं नाही.”

मी गप्प बसलो. न झिजणारे आवरण म्हणजे दूर राहणाऱ्याची पळवाट, असे मी मानून चाललो होतो, आणि माझ्यापुरते ते खरेही होते. परंतु झिजणाऱ्या आवरणाची थोरवी मी मुंबईतून गात होतो, हेही तितकेच खरे. झाप वर्षानुवर्षे बांधले गेले ते बांधणारे हात घरात होते म्हणून. आणि ते हात कुणाचे, त्यांना काय मिळे, हा प्रश्न माझ्या लहानपणी कुणी विचारला नव्हता. मीही विचारला नाही. मला फक्त लाज वाटत होती, आणि तीही झापांची.

वहिनींच्या बोलण्याचे उत्तर माझ्याजवळ अजून नाही. काम मात्र ठरले. वैशाखात तीन आठवड्यांची रजा काढून मी गेलो, गवंड्याबरोबर सिमेंट सोलले, चुना विरवला. पहिल्या दिवशी अंतर ठेवायला वहिनींनीच शिकवले. धाकट्याचा पत्राही घेतला, पण तो भिंतीवर मारला नाही. वीतभर अंतरावर लाकडी चौकटीवर उभा केला, वरखाली वारा खेळेल असा. वहिनी त्याला झापच म्हणतात. पावसात तो फार वाजतो अशी त्यांची तक्रार आहे, आणि दोन खिळे आत्ताच तांबूस दिसू लागले आहेत.

गिलाव्याचे मात्र पुरते साधले नाही. चुना हवेतला कर्बवायू शोषून सावकाश घट्ट होतो. वैशाखात लावलेल्याला मृगापर्यंत सवड ती किती? खालचा दोन हातांचा पट्टा वाहून गेला. हे काम दिवाळीनंतर करायचे असते, असे वहिनींनी नंतर सांगितले. आधी का नाही सांगितले, असे विचारल्यावर म्हणाल्या, “तुम्ही रजा काढून आला होता ना!”

उरलेला चुना त्यांनी मडक्यात भरून, वर पाणी ठेवून, पडवीच्या कोपऱ्यात झाकून ठेवला आहे. पाण्याखाली तो बिघडत नाही. कार्तिकातल्या रजेचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. कचेरीत अजून दिलेला नाही.