तहानलेली वेल आणि तहानलेला शेजारी

वैशाखाचें ऊन आपल्या मराठवाड्यास नवें नाहीं. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास पारा बेचाळीस अंशांपर्यंत चढतो, विहिरींचे तळ दिसूं लागतात, आणि ज्यानें माघ-फाल्गुनांत द्राक्षाचीं रोपें लाविलीं असतील त्याचा जीव टांगणीस लागतो. अशा दिवसांत बागाईतदाराच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. तो वरवर पाहतां शेतीचा आहे, परंतु विचार केला असतां सदसद्विवेकाचा आहे असें दिसून येईल. तो प्रश्न असा कीं, विहिरींत एकाचीच तहान भागेल एवढें पाणी उरलें असेल, तर तें वेलीस द्यावें कीं शेजाऱ्यास?

प्रथम वेलीची गरज काय तें समजून घेऊं. कोवळ्या रोपाचीं मुळें वीतभरच खोल असतात. वरची माती तापली कीं तीं करपतात. म्हणून त्यास थोडें पण वारंवार पाणी, पहांटे किंवा सायंकाळीं, ठिबकानें द्यावें, आणि बुडाशीं उसाच्या पाचटाचें आच्छादन करावें. मात्र येथें एक चूक पुष्कळांच्या हातून होते. दुपारीं पानें माना टाकतात, तें पाहून धनी कळवळतो आणि पुन्हां पाणी सोडतो. वस्तुतः माती ओली असली तरीही, पान उन्हांत जितकें पाणी उडवितें तितकें मूळ पुरवूं शकत नाहीं, म्हणून तें मलूल होतें. सांज होतांच तेंच पान ताठ होतें. जें रोप पहांटेसही मलूल असेल तेंच खरें तहानलेलें. काळ्या जमिनींत अधिक पाणी सांचलें, तर मुळांस हवा न मिळून तीं कुजतात. तात्पर्य, मागणें निराळें आणि गरज निराळी. हा भेद ज्यास कळला त्यास अर्धा प्रश्न सुटला असें समजावें.

आतां हिशेब पाहूं. नऊ फूट व पांच फूट अंतरानें लागण केली असतां एकरीं सुमारें ९६८ वेली बसतात. प्रत्येकीस दिवसास केवळ तीन लिटर दिले तरी सुमारें २,९०० लिटर पाणी लागतें. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनानें खेड्यांतील प्रत्येक माणसासाठीं दररोज ५५ लिटर हें प्रमाण धरिलें आहे. म्हणजे एका एकराचें पाणी हें पन्नासांहून अधिक माणसांचें पाणी होय.

बागाईतदार म्हणेल, “विहीर माझ्या रानांत आहे, कर्ज माझ्या नांवावर आहे, आणि वेल मीं लेकरासारखी वाढविली आहे. ती वाळली तर माझीं मुलें काय खातील?” ह्या बोलण्यास कोणीं हंसूं नये. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना व तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांतील कितीएक मोसंबीच्या बागा वाळल्या, आणि लोकांस आपल्या हातांनीं त्यांवर कुऱ्हाड चालवावी लागली. गेलेली बाग एका पावसानें परत येत नाहीं. तिच्याबरोबर मजुराचाही रोजगार जातो.

तथापि जमिनीस बांध असतो, जमिनीखालच्या पाण्यास नसतो. आमच्या काळ्या खडकांतील पाणी भेगांतून वाहतें. माझ्या बोअरानें उपसा केला म्हणजे पलीकडच्या वस्तीचा हातपंप कोरडा पडूं शकतो. ह्याच कारणास्तव महाराष्ट्रांतील १९९३ च्या कायद्यानें पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खणण्यास मनाई केली. परंतु पांचशें मीटरांच्या पलीकडेही माणसेंच राहतात. कायदा जेथें थांबतो तेथें विवेकाचें काम थांबत नाहीं.

पैठणच्या एकनाथांची कथा आपल्या मुलखांत सर्वांस ठाऊक आहे. काशीहून रामेश्वरास नेण्याची गंगेची कावड त्यांनीं तहानेनें तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखीं ओतिली असें सांगतात. कावडीचा हेतु वाईट नव्हता. तो तर पवित्र मानिलेला होता. तरी प्राण जात असतां चांगल्या हेतूसही मागें सरावें लागतें, हें त्या कथेचें सार होय. वेलीचा हेतुही चांगलाच आहे. पण क्रम असा: आधीं माणूस, मग गुरें, मग वेलीचा जीव, आणि सर्वांच्या शेवटीं वेलीचें फळ.

एवढें सांगून मात्र भागत नाहीं. वैशाखांत हा क्रम पाळल्यानें एखाद्या कुटुंबाचा संसार बुडूं शकतो. ज्या वस्तीनें त्याचें पाणी प्यालें तिनें त्याचें नुकसान वांटून घेऊं नये काय? दुसऱ्याच्या त्यागावर जगून त्यास एकटें सोडणें हाही अन्यायच आहे.

आणि खरें पाहतां हा निर्णय वैशाखांतला नव्हेच. तो रोपें लावण्यापूर्वींचा आहे. ज्याच्या विहिरींत एका एकराचें पाणी आहे त्यानें चार एकर लाविले, तर शेजाऱ्याचें पाणी त्यानें त्याच दिवशीं घेतलें. वैशाखांत तें केवळ उघड होतें. जालना जिल्ह्यांतील कडवंची गांवानें १९९६ पासून पाणलोटाचीं कामें केलीं, पावसाचें पाणी बांधांनीं अडविलें व शेततळ्यांत सांठविलें. म्हणून २०१२ च्या अवर्षणांतही तेथील द्राक्षबागा तगल्या. पावसाळ्यांत वाहून जाणारें पाणी शेततळ्यांत धरणें ही बचत आहे. पण बोअर रात्रंदिवस चालवून तेंच तळें भरणें म्हणजे सर्वांच्या रांजणांतील पाणी आपल्या घागरींत ओतून उन्हांत ठेवणें होय. त्यांतील पुष्कळसें वाफ होऊन जातें.

म्हणून वाचकहो, पुढील लागणीपूर्वीं विहिरीची खोली मोजा, आटत्या दिवसांत ती किती पाणी देते तें लिहून ठेवा, आणि रोपांची संख्या ठरवितांना शेजारच्या घरांतील माणसेंही मोजण्यास विसरूं नका.