कागदावर उतरलेले गाणे



संगणकासमोर एखादी चाल गावी किंवा कीबोर्डवर वाजवावी आणि क्षणात तिचे नोटेशन पडद्यावर उमटावे, अशी सॉफ्टवेअर आता गायकवृंदांच्या हाती आली आहेत. सोय मोठी आहे. पण कागदावर जे उतरते ते गाणेच असते काय?

स्वर लिहिता येत नाहीत, माणसाने स्मरणात ठेवले नाहीत तर ते नाहीसे होतात, असे सेव्हिलचे संत इसिदोर यांनी ७व्या शतकात नोंदवले. ११व्या शतकात अरेझ्झोचे संन्यासी ग्वीदो यांनी रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत रूढ केली आणि न ऐकलेले गीतही वाचून गाता येऊ लागले. आपल्याकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी घराण्यांतल्या शेकडो बंदिशी स्वरलिपीत आणल्या. हे उपकार आम्ही विसरत नाही.

सॉफ्टवेअर आवाजाची कंपने मोजते. 'ए' हा स्वर सेकंदाला ४४० कंपनांचा, त्यापुढचा सुमारे ४६६ चा. कोणी ४५० वर गायले तर ते सामान्यतः जवळच्या ४४० च्या घरात टाकले जाते. कालमानाचेही तसेच. आवाजाची मींड, शब्दावर घेतलेला किंचित थांबा हे सारे चौकटीत बसवले जाते.

यात लबाडी नाही. लिहायचे म्हटले की काही सुटतेच. खरा प्रश्न पुढे उभा राहतो. लग्नातली जुनी गाणी म्हणणाऱ्या आजीचा स्वर छापील कागदाशी जुळला नाही, तर चुकले कोण? कागद तिच्या गाण्यावरून झाला आहे. तरीही आपण चटकन म्हणतो, "आजी, तुमचा सूर चुकतो." मापाने मोजता मोजता मापालाच सत्य मानण्याची ही सवय गाण्यापुरती राहत नाही. मुलाला गुणांवरून आणि शेजाऱ्याला पगारावरून ओळखतानाही आपण हेच करतो.

म्हणून तरुणांना आमची विनंती आहे. आजींची गाणी जरूर लिहून घ्या. आधी त्यांची परवानगी विचारा. नोटेशनसोबत त्यांचा मूळ आवाजही जपून ठेवा. आणि एक तरी गाणे त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या तोंडून शिका. ते त्यांच्यासारखे म्हणता आले की मग कागद उघडून पाहा, त्यात काय काय आलेले नाही.