बेवारशी प्राण्यांवर दया करावी काय?

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत फिरतांना एक प्रश्न वारंवार कानीं येतो. रस्त्यावर टाकून दिलेलीं कुत्र्यामांजरांचीं पिलें घरीं आणावीं, त्यांस खाऊंपिऊं घालावें, औषधपाणी करावें, आणि चांगलें घर मिळालें म्हणजे तेथें देऊन टाकावीं, असें आपल्यांतील कित्येक तरुण बंधुभगिनी करूं लागले आहेत. हें ख्रिस्ती मनुष्यास शोभतें काय, कीं हा रिकाम्या लोकांचा छंद आहे? प्रश्न वाटतो तितका हलका नाहीं.

मांजराचें तर आपल्या शास्त्राच्या सहासष्ट पुस्तकांत नांवही नाहीं, आणि कुत्र्याचें जें आहे तें बहुधा तिरस्काराचें. तरी अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत एक नियम आहे, तो फार थोड्यांच्या ध्यानांत असतो. बहकलेलें जनावर दिसलें तर पाहून न पाहिल्यासारखें करण्याची इस्राएलास मनाई होती. धनी ठाऊक नसेल तर तें आपल्या घरीं नेऊन ठेवावयाचें, आणि धनी शोधीत आला म्हणजे त्याच्या स्वाधीन करावयाचें. आपले तरुण जें करितात तें याहून फार निराळें नाहीं. फरक इतकाच कीं, तेथें धनी मागें राहिला आहे, आणि येथें तो पुढें यावयाचा आहे.

पुष्कळांची हरकत खर्चाची असते. लेंकरांच्या वह्यापुस्तकांस पैसा नाहीं, मग कुत्र्यास दूधभाकर कोठून घालावी? ही हरकत रास्त आहे. ज्याचे घरीं वाढावयास कांहीं नाहीं त्यानें हें ओझें घेऊं नये. त्यास कोणी निर्दय म्हणणार नाहीं.

परंतु दुसरी एक हरकत याहून खोल आहे. एक वृद्ध बंधु मला म्हणाले, “पाळकसाहेब, गांवचीं कुत्रीं ज्या पाणवठ्यास तोंड लावीत, त्या पाणवठ्यावर माझ्या आज्यास पाय ठेवतां येत नव्हता. आतां त्या कुत्र्यासाठीं माझें मन कसें द्रवावें?”

हें बोलणें पोकळ नव्हे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेंढोरें पाणी पीत, पण अस्पृश्य म्हणून लेखलेल्या मनुष्यांस मज्जाव होता. तो मोडण्यासाठीं ता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यांत उतरले व त्यांनीं तें पाणी ओंजळींत घेतलें. इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. साताऱ्यास राहत असतां, १९०१ च्या सुमारास, हेच आंबेडकर लहानपणीं भाऊ व भाचे यांच्यासह मसूर स्टेशनावरून बैलगाडीनें बापाकडे निघाले होते. वाटेंत जातीमुळें त्यांस कोणी पाणी दिलें नाहीं, आणि जवळ अन्न असून तीं मुलें पाण्यावांचून उपाशी निजलीं. ज्यांच्या घराण्यांत अशा आठवणी आहेत त्यांस भूतदयेचा उपदेश करतांना पाळकानें जीभ सांभाळली पाहिजे.

तरी त्या बंधूंस मीं जें सांगितलें तें येथें लिहितों. पाणवठ्यावर पहारा कुत्र्यानें बसविला नव्हता. मनुष्यास कुत्र्याच्या खालीं ढकलणारे मनुष्यच होते. आज कुत्र्यास लाथ मारल्यानें आपला आजा वर येत नाहीं. लाजाराचा दाखला पाहा. श्रीमंताच्या दाराशीं तो फोडांनीं भरलेला पडला होता, आणि जवळ आलीं तीं कुत्रीं. त्यांचें चाटणें हें दुःखाची परमावधि होती कीं थोडासा विसांवा होता, याविषयीं टीकाकारांचें एकमत नाहीं, आणि मला त्या वादांत पडावयाचें नाहीं. एवढें उघड आहे कीं, लाजार व तीं कुत्रीं दाराच्या एकाच बाजूस होतीं. दाराबाहेर असणें म्हणजे काय हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस टाकलेल्या पिलाचें ओरडणें इतरांहून लवकर ऐकूं यावें. बंधूंनीं यावर होय म्हटलें नाहीं, नाहींही म्हटलें नाहीं.

त्यांच्या रागांत एक न्याय आहे तो मात्र सोडतां येत नाहीं. कुत्र्यास गादीवर निजविणारीं आणि मोलकरणीचा पेला वेगळा ठेवणारीं घरें आजही आहेत. अशा घरीं आपण वाढविलेलें पिलूं द्यावें काय? पिलूं तेथें सुखानें राहील, म्हणून द्यावें असें माझें मत आहे. पण तो वेगळा पेला दिसला असतां देणारानें गप्प बसूं नये, मग पिलूं परत हातांत आलें तरी चालेल.

जीव लावून देऊन टाकणें कित्येकांस जड जातें. एक भगिनी विचारीत होती कीं, मग जीव लावूंच नये काय? परंतु लहान पिलूं नुसत्या दुधावर जगत नाहीं. मोशेच्या आईनें पोटचा मुलगा दाई म्हणून पाजला, आणि वाढल्यावर फारोच्या कन्येच्या स्वाधीन केला. तिनें तो कमी मायेनें पाजला असेल असें कोण म्हणेल?

उतावळी दया मात्र पुष्कळ नुकसान करिते. पिलाची आई जवळपास असेल तर तें उचलूं नये. आठ आठवड्यांपर्यंत त्याची जागा आईपाशीं आहे. गल्लीनें पोसलेलें धडधाकट कुत्रेंही घरीं कोंडूं नये. २०२३ च्या सरकारी नियमांप्रमाणें अशा कुत्र्यांची नसबंदी करून व रेबीजची लस टोंचून त्यांस सामान्यतः मूळ जागींच सोडावयाचें असतें. आणलेलें पिलूं आरंभीं घरच्या जनावरांपासून वेगळें ठेवावें, जंताचें औषध द्यावें, तीन महिन्यांचें झालें कीं रेबीजची लस टोंचवावी. मांजराच्या पिलास गाईचें दूध बहुधा सोसत नाहीं, हें आपल्या बायकांस सांगूनही पटत नाहीं. चावलें किंवा ओरखडलें तर जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. हळद व मिरची लावून घरीं बसूं नये. आपल्या भागांत कठडा नसलेल्या विहिरी पुष्कळ, त्यांत कुत्रीं पडतात; स्वतः उडी न घालतां मदत बोलवावी. सांगली, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांत बैलांची सेवा करणारी ‘ॲनिमल राहत’ ही संस्था २००३ पासून आहे, ती हेंही काम करिते.

नसबंदीविषयीं आपले लोक संकोच करितात. कुत्री सुमारें ६३ दिवसांत विते. एक मादी तशीच देऊन टाकली तर वर्षाच्या आंत तिचींच पिलें कोणाच्या तरी उकिरड्यावर सांपडतील. म्हणून देण्यापूर्वीं, किंवा पिलूं लहान असेल तर वय होतांच, नसबंदी करण्याची कबुली घ्यावी. पैसे घेऊं नयेत. राखणीसाठीं मागणारास तें दिवसभर सांखळीनें बांधणार काय, हें स्पष्ट विचारावें. जनावर उपाशी मरेल असें टाकून देणें हा १९६० च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हेंही नव्या धन्यास सांगावें. मग महिन्याभरानें न कळवतां त्या घरीं जाऊन यावें, आणि पिलाचे हाल दिसले तर तें परत आणण्यापुरती जागा आपल्या ओसरीवर ठेवावी.